पुन्हा ओतलेली खोली

कुरखेड्याच्या रस्त्यावर एका नव्या दवाखान्याचं काम चालू होतं, तिथे मी तराईवर होते. तराई म्हणजे सिमेंटला पाणी मारणं. भिंत उठली, स्लॅब पडला, गिलावा झाला की त्याला दिवसातून तीनदा पाणी पाजायचं, नाहीतर ते तडकतं. हे काम सोपं म्हणून बायांना देतात, पण सोपं नाही. ऊन कुठून येतं, कोणती भिंत आधी पांढरी पडते, ते बघावं लागतं. स्लॅबवर मी मातीचे बारीक बांध घालायची, धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला असतात तसे, आणि आत घोट्याएवढं पाणी धरून ठेवायची. मुकादम दुसऱ्या कोणाला सांगायचा तेव्हा दोनदा सांगायचा. मला एकदाही सांगावं लागत नव्हतं. मी फार बोलत नाही, माणसं जमली की माझा गळा बंद होतो. त्यामुळे सांगावं न लागणं ही माझी एकच मोठी गोष्ट होती.

दवाखान्यातल्या खोल्यांना टाइल्स बसणार नव्हत्या. रबरासारखं हिरवं शीट चिकटवणार होते. शीट पातळ असतं, खाली वाटाण्याएवढा उंचवटा असला तरी वर दिसतो. म्हणून शीटच्या आधी जमीन एकदम सपाट करायची होती, आणि त्यासाठी नागपूरहून एक मिस्त्री गोण्या घेऊन आला. त्या मालाला सगळे ‘लेवलिंग’ म्हणत. राखाडी पीठ पाण्यात घालून मशीनने घुसळायचं, ताकाएवढं पातळ करायचं आणि जमिनीवर ओतायचं. ते आपणच पसरतं, आपणच पाणी बसावं तसं बसतं आणि थोड्या तासांत दगड होतं. थापी मारावी लागत नाही, म्हणून साइटवरचे सगळे मिस्त्री दारात उभे राहून बघत होते आणि हसत होते.

पहिली खोली दुपारी ओतली. मिस्त्री आपल्या माणसाला घेऊन जेवायला आणि मुक्कामाला वडशाला गेला. संध्याकाळी घरी निघायच्या आधी मी खोलीत डोकावले. बोट टेकवून पाहिलं, ठसा उठला नाही. माझ्या डोळ्यांना ते सिमेंट होतं, आणि वाळत चाललेलं सिमेंट होतं. उंबऱ्याशी मातीचा बांध घातला, पाइप आणला आणि खोली पाण्याने भरून ठेवली. घरी जाताना मला बरं वाटत होतं, कारण बाकी सगळे ती खोली विसरले होते.

सकाळी पाणी पांढरं झालं होतं. बांध फोडून पाणी काढलं तर खाली साय धरल्यासारखा थर आला. नखाने उकरला तर नखात आला. पाइपचं पाणी जिथे पडलं होतं तिथे वाटीएवढे खळगे पडले होते.

नागपूरचा मिस्त्री दारात उभा राहिला. ओरडला नाही.

“हे कोनं केलं?”

मुकादम मागे वळला. “कोनं पानी मारलं रे इथी?”

दहा-बारा माणसं होती. मी म्हणाले, “मी.” मुकादमाला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं.

“काऊन पण?” मिस्त्रीने विचारलं.

“सिमिट आहे म्हणून.”

कोणीतरी हसलं. मिस्त्री नाही हसला. “अवो बाई, हे पानी पिऊनच येते. याले वरून पाजाचं नसते. जेवढं पायजे तेवढं आम्ही आतच देतो.”

मुकादमाने तिथेच सांगितलं, “उद्यापासून तुमी रेतीवर. आत पाय नोका ठेवू.”

माझ्या वस्तीतली एक मैत्रीण त्याच साइटवर घमेली वाहायची. दुपारी डबा उघडताना ती म्हणाली, “दिवसभर तोंडातून सबुद निंगत नाई तुह्या. अन् पानी मात्र असं भरभरून देते.” बाकीच्या बाया हसल्या, मीही हसले. पण डबा तसाच राहिला. रेती वाहायचं मला दुःख नव्हतं, रेती मी आधीही वाहिली आहे. त्या खोलीचं दुःख होतं. उद्या दुसरं कोणी ती खोली नीट करेल, आणि मग जेवढी वर्षं मी या कामावर राहीन तेवढी वर्षं मी खोली बिघडवलेली बाई राहीन. मी डबा झाकला आणि ठरवलं, ती खोली मीच पुन्हा ओतणार. कसं, ते माहीत नव्हतं.

बिघडलेला थर खरवडून काढायचा होता. ते काम कोणालाच नको होतं, धूळ नाकातोंडात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेतीकडे न जाता मी मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिले आणि त्याच्या चपलांकडे बघत म्हणाले, “खरडाले मी येते.”

“मुकादम हो म्हनते का?”

“त्याले नाई विचारलं.”

मुकादम कुठे दिसतो का ते त्याने पाहिलं. मग त्याने लोखंडी खरवडणी आणि तारेचा ब्रश माझ्याकडे सरकवला.

मुकादमाने पाहिलं, पण या कामाला दुसरं कोणी मिळणार नव्हतं, म्हणून अडवलं नाही. तीन दिवस मी गुडघ्यावर होते. नाकाला ओढणी, डोक्याला फडकं. मिस्त्री मोठं घासायचं मशीन फिरवायचा, मी कोपरे काढायची. तो काम करताना स्वतःशीच बोलायचा आणि मी ऐकायची. आधी धूळ साफ. मग दुधासारखं पांढरं औषध ब्रशने लावायचं, ते वाळू द्यायचं, म्हणजे माल जमिनीला धरतो. खिडक्या बंद, पंखा बंद. गोणीवर लिहिलंय तेवढंच पाणी, मापाने, अंदाजाने नाही. एकदा घुसळलं की पाव तासात संपवायचं. एक बादली ओतली की तिची कड ओली असतानाच दुसरी तिला भिडली पाहिजे. नाहीतर मधे दोरीसारखी रेघ उठते आणि ती शीटमधून दिसते.

चौथी झाली आहे माझी. अक्षर लावत वाचते. रिकामी गोणी घरी नेली असती तर कोणी काही म्हटलं नसतं, पण मला तिथेच वाचायची होती. जेवणाच्या सुटीत भिंतीला टेकून मी गोणीची मागची बाजू वाचली, हिंदीत होती. तीन सुट्या लागल्या. सगळ्यात खाली, शिवणीच्या दोऱ्याजवळ लिहिलं होतं की तराई करू नये. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. मला कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नव्हतं, हेही खरं. रागावायचं तर कोणावर रागावणार. गोणी घडी करून ठेवली आणि पुन्हा कोपरे काढायला गेले.

पुन्हा ओतायचा दिवस आला त्या सकाळी मिस्त्रीचा माणूस तापाने पडला. मुकादमाने साइटवरचे चार गडी दिले. मिस्त्रीने हुशारी केली, आधी बाहेरचा छोटा व्हरांडा ओतून बघू म्हणाला. गडी ताकदीचे होते, बादल्या भराभर उचलत होते. पण एक बादली ओतली की थांबायचे. एकाने तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला काढला, दुसऱ्याला त्यातला हवा होता, तिसरा फोनवर बोलला. व्हरांड्यात तीन रेघा उठल्या.

मिस्त्री डोकं धरून पायरीवर बसला. “थांबलं की गेलं,” तो म्हणाला. “कितीदा सांगू. याच्यात थांबाचं नसते.”

खरवडणं संपलं तशी मी परत रेतीवर गेले होते, ढिगाजवळ उभी राहून हे बघत होते. माझ्या मनात एकदम आलं की हे मला येतं. आम्ही धानाचा रोवणा करतो, चिखलात रोपं लावतो, तेव्हा काय करतो? बाया एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकतात. कोणी एक पाऊल राहिली तर मधे जागा सुटते, कोणी घाई केली तर शेजारणीच्या पायात येते. कोणी थांबायला सांगत नाही, कोणी चालायला सांगत नाही. बांधी संपेपर्यंत कंबर वर होत नाही. पाठीमागे कुठे पाय ठेवायचा हे न बघता कळतं.

हे सगळं मिस्त्रीला सांगणं मला जमणार नव्हतं. मग मी थोडंच सांगितलं. “रोवन्यात आमी थांबत नाई.”

“काय?”

“मांगं सरकत जातो. ओळीनं. तसंच तं आहे हे.”

तो पायरीवरून उठला. नागपूरचा असला तरी त्याने धानाची शेतं पाहिली होती. “किती बाया आहा?”

“चार.”

“तुमाले धरून?”

“धरून.”

मुकादम तिथेच होता. तो म्हणाला, “अन् ह्या बाईनं पुन्हा पानी मारलं तं?”

माझी मैत्रीण घमेलं खाली ठेवत म्हणाली, “मारन तं तुमच्या डोस्क्यावर मारन, भाऊ. तिथी कधीपासून पडित जमीन आहे.” गडीसुद्धा हसले आणि मुकादम तोंड फिरवून गेला. नाही म्हणाला नाही.

खिळ्यांच्या बुटांच्या दोनच जोड्या होत्या, आणि दोन्ही पुरुषांच्या मापाच्या. मी आणि मैत्रिणीने ते सुतळीने पायाला बांधले. बुटाच्या तळाला लांब खिळे असतात, म्हणजे ओल्या मालात चाललं तरी ठसा राहत नाही. बाकी दोघी दारातून बादल्या पुढे देणार होत्या. मिस्त्री मापाचं पाणी घालून घुसळणार होता. मैत्रीण ओतणार होती. मी लांब दांड्याच्या दाताळ्याने माल ओढायचा, जाडी सारखी ठेवायची आणि त्यावर काट्यांचा रोलर फिरवून आतली हवा काढायची.

खिडकीकडून सुरुवात केली. पहिली बादली पसरली आणि मी दाताळं लावलं. दुसरी पहिलीला भिडली, तिसरी दुसरीला. मैत्रीण एक पाऊल मागे गेली की मीही गेले. थोड्या वेळाने आम्ही एकमेकींकडे बघायचंही सोडलं. दारातल्या दोघींच्या बादल्यांना ताल लागला. माल पायाखाली हळूच हलायचा आणि जिथे मी ओढला होता तिथली रेघ आपणच मिटायची. मला ते बघत राहावंसं वाटत होतं, पण बघायला वेळ नव्हता.

अर्धी खोली झाली होती तेव्हा दारात मुकादमाचा आवाज आला. दवाखान्याच्या कामावर देखरेख करणारे एक साहेब आले होते, त्यांना खोली बघायची होती. “जरा थांबा वो बाया,” मुकादम म्हणाला. “सायेबाले आत येऊ द्या.”

मैत्रिणीचा हात थांबला. बादली अर्धी कलली होती. समोरची कड मला दिसत होती, चमक कमी होत चालली होती. मिस्त्री बाहेर मशीनवर होता, त्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. बोलायला माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

“थांबता येत नाई,” मी म्हणाले.

“अवो, दोन मिनिटं.”

मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर बोलता आलं नसतं. “दोन मिनिटांत रेघ उठते. ही खोली मी एकदा बिघडवली आहे. आता नाई बिघडू देत. सायेबाले खिडकीतून पाहू द्या.” आणि मैत्रिणीला म्हणाले, “ओत.”

तिने ओतलं.

माझा आवाज खोलीभर झाला होता. रिकाम्या खोलीत आवाज मोठा होतो, हे मला तेव्हा कळलं. कान तापले होते, पण हात चालू होते. साहेब खिडकीकडे गेले असावेत, कारण काचेवर थोडा वेळ सावली होती. आम्ही सरकत सरकत दारापर्यंत आलो. मैत्रीण बाहेर पडली, मग शेवटची बादली, मग मी. उंबऱ्यावर बसून मी सुतळी सोडली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने लांब ॲल्युमिनियमची पट्टी आणली. पट्टी जमिनीवर आडवी धरायची, उभी धरायची, तिरकी धरायची आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचं. तो खिडकीपासून सुरुवात करून दाराकडे आला. दाराजवळ पट्टी डुगडुगली. तिथे हाताएवढी जागा उंच राहिली होती. शेवटी बाहेर पडताना मी घाई केली होती, मला आठवलं.

“इथी,” तो म्हणाला.

“माह्या हातची आहे ती,” मी म्हणाले.

त्याने घासायचा दगड दिला. मी तासभर घासलं, पट्टी ठेवली, पुन्हा घासलं. चौथ्यांदा पट्टी हलली नाही. त्याने स्वतः येऊन बघितलं, अंगठा फिरवला आणि म्हणाला, “चालते.” एवढंच. मला तेवढं पुरे होतं.

मी धूळ भरत होते तेव्हा मुकादम दारात आला. खोली त्याने पाहिली. “मांगच्या भिंतीले विटा आल्या आहेत,” तो म्हणाला. “उद्या सकाळपासून तुमी तिकडं.”

“उद्या मी बाजूच्या खोलीत आहे,” मी म्हणाले. “तिथी औषध लावाचं आहे. परवा ओताचं आहे.”

“कोन म्हनलं?”

मिस्त्रीने तसं काही म्हटलं नव्हतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण तो मधे पडला नाही.

“मी म्हनते,” मी म्हणाले. “आमी चौघी पायजे. इटा दुसरे कोनी वाहतीन.”

मुकादमाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पट्टी पुसत होता. मग मुकादम मैत्रिणीकडे वळून म्हणाला, “हिले बोलाले कोनं शिकवलं?”

“येतच होतं तिले,” मैत्रीण म्हणाली. “तुमी विचारलं कवा?”

तो गेला. मी झाडायचा फडा उचलला आणि बाजूच्या खोलीत गेले. तिथे कोपऱ्यात सुतारांचा भुसा पडला होता, आणि भुसा राहिला तर वरचा थर धरत नाही. आधी कोपरे काढले, मग खिडकीपासून दाराकडे झाडत आले.