अर्धी ओटी

रिपोर्ट नॉर्मल आला की मला धडकीच भरायची. म्हणजे माझं अंग दुखणं घरात पुन्हा नाटक ठरणार! मग जरा बरं वाटलं की मी ईर्ष्येनं सगळ्यांपेक्षा जास्त कापूस वेचायचे आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळायचे.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. "हा फायब्रोमायल्जिया. रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण दुखणं खरं आहे. बऱ्या दिवशीसुद्धा बेतानंच काम करा."

ऐकून मी तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी कमरेची ओटी कापसानं अर्धी भरताच मी बांधावर बसले. सासूबाई तरातरा आल्या. आता बोलणी खायची, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी आपली ओटी सोडली आणि त्या शेजारी टेकल्या.

"मन्हं बी आंग आसंच दुखस," त्या हळूच म्हणाल्या. "काय नाव सांगं डाक्टरनी?"