अर्ध्या तोंडाचं हसू

डॉक्टर उर्दूत बोलले ते सगळं मला कळलं, असं मी धरून चाललो. तिथंच फसलो.

निजामाच्या राज्यात शिकलेला मी, उर्दूचा मला भारी तोरा. डाव्या कानाखाली पेरूएवढी गाठ झाली होती. गावानं तिला चुना, हळद, बिब्बा सगळं लावून पाहिलं. गाठीनं फक्त रंग बदलले. शेवटी हिंगोलीहून रेल्वेनं हैदराबाद गाठलं. तिथले सर्जन म्हणाले, "गाँठ तो निकल जाएगी, मगर मुँह टेढा हो सकता है. मंजूर?"

आपल्याकडं तोंड वाकडं करणं म्हणजे नाराजी. मला वाटलं, दवाखान्यातल्या जेवणाबद्दल आधीच सांगून ठेवतात. मी ऐटीत म्हणालो, "साहब, हम मुँह टेढा करनेवालों में से नहीं." त्यांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली. बायकोनं विचारलं, "काय म्हनले?" मी म्हणालो, "काही न्हाई. थोडी तकलीफ होईल."

गाठ गेली. पण तिच्यातूनच चेहऱ्याची नस जात होती, तीही गेली. पट्टी सुटली तेव्हा डावा गाल लोंबत होता, डावा डोळा झोपेतही उघडा. पाणी प्यालो की अर्धं सदऱ्यावर. 'प' म्हणायला जावं तर ओठातून नुसती हवा.

दोन महिन्यांनी डोंगरकडा गावचे पाहुणे थोरलीला बघायला आले. कधी काही न मागणारी पोरगी, पण हे स्थळ तिच्या मनात भरलं होतं. घरात रोग आहे असं वाटून ते परत जायला नकोत, म्हणून मी व्रण उपरण्यात झाकून बसलो. मुलाचे वडील सांगू लागले, पोरगं पहाटे उठतं, सुपारीसुद्धा खात न्हाई. मी आनंदानं हसलो. उजवा गाल कानाकडं गेला, डावा जागचा हलला नाही. त्यांनी आणखी गुण सांगितले, मी आणखी हसलो.

ते विडा तसाच ठेवून उठले. "आमचं पोरगं पसंत न्हाई तर तसं सांगा. तोंड काहून वाकडं करून राहिले?"

मी घाईनं 'पसंत' म्हणालो. बाहेर आलं ते "फूः".

त्यांनी जोडे पायात घातले. तेवढ्यात आतल्या दारामागून बायको बोलली. परक्या पुरुषांशी ती कधी बोलत नसे.

"भाऊ, ते हासून राहिले. गाठ कापली तवा गालाची नस गेली. उजवा गाल तेवढा बघा, डावा सोडून द्या."

बाजारात बैलाचे दात बघावेत तसा त्यांनी माझा उजवा गाल बघितला. मी हसून दाखवलं.

"मंग आधी सांगायचं न," ते म्हणाले. "पोरीचं तोंड तर सरळ हाय न?" आणि जोडे काढून परत बसले. सुपारी त्याच दिवशी फुटली.

पाहुणे गेल्यावर मी बायकोपुढं मिशी पिळली. उजवीच, डावी गालाबरोबर लोंबत होती. ती म्हणाली, "लगीन लागंस्तोवर पाव्हण्यायसमोर हासू नका. लईच आलं तर गोठ्यात जाऊन हासा. म्हशीला काही सोयरीक जमवायची न्हाई."