कलम एकतीस: नाक वर होते का?

रविवार, १२ जानेवारी. सकाळी साडेआठ. हजर: आबा (माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर), दिलीप (माझा नवरा, वय बावन्न, खरेदीला उतावीळ), मी (सून आणि तपासनीस) व माझी निळी फाइल. गैरहजर: सासूबाई. कारण त्यांच्याच शब्दांत, "तुमच्या खुळ्यांच्या नादाला मी लागत न्हाय."

वापरलेली परदेशी स्पोर्ट्स कार घेण्याआधी बेचाळीस गोष्टी तपासाव्या लागतात. मी बेचाळीसच्या बेचाळीस तपासल्या. तरीही दोन तासांनी ती गाडी रस्त्याच्या मधोमध पोटावर बसली होती आणि याचं संपूर्ण श्रेय माझं आहे.

मी लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल मोजून, ठोकून, उलटा करून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. घरीही तेच. (लग्न ठरताना मी दिलीपला सतरा प्रश्न विचारले होते. चौदा उत्तरं बरोबर आली, तिनांत सवलत दिली.) त्यामुळे इंदापूरजवळचा अभिजित नावाचा डाळिंब बागायतदार आपली पिवळी, दोन सीटची, इटलीची गाडी विकतोय असं दिलीपनं सांगितलं, तेव्हा मी "कशाला?" असं विचारलं नाही. मी वही काढली.

कशाला, ते मला ठाऊक होतं. दिलीपला लहानपणापासून असल्या गाड्यांचं वेड आहेच, पण खरं कारण आबा. आबांनी चाळीस वर्षं भवानीनगरच्या बाजूला ऊस वाहिला. आधी ट्रक, मग ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. घरची जीप होती, पण तिच्यात कायम खताच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, नाहीतर कुणाचं तरी बाळंतपण. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवसा अजून चालेल, पण लायसन्सची मुदत संपली की पुन्हा वाढवू नका. त्या रविवारी मुदतीला पंधरा दिवस उरले होते.  आबा एकदा चहा पिता पिता म्हणाले, "आयुष्यात एकदा मागं वझं नसल्याली गाडी पळवाया पायजे हुती."

दिलीपनं ते ऐकलं. मीही ऐकलं. दिलीप गाडीच्या मागे लागला आणि मी यादीच्या.

यादी मी मुद्दाम मराठीत केली, म्हणजे आबांना वाचता येईल. इथेच पहिली माशी शिंकली.

कन्हेरीहून निघून आम्ही अभिजितच्या बागेत पोचलो तेव्हा गाडी शेडमध्ये उभी होती. ती इतकी बुटकी होती की आबांनी आधी तिच्या पलीकडची डाळिंबं पाहिली आणि मग गाडी.

"बाकीची कुठाय?" ते म्हणाले.

"एवढीच असती आबा," अभिजित म्हणाला. बिचारा तिशीचा, गोड मुलगा. नुकतंच बाळ झालं होतं आणि दोन सीटांत तिघं बसत नव्हते, म्हणून विकायला काढली होती.

मी त्याला आदल्या दिवशीच फोन करून बजावलं होतं की इंजिन तापवून ठेवायचं नाही; गाडी थंड असतानाच सुरू करून बघतात, आजारी इंजिन तेव्हाच खोकतं. तरीही मी जाऊन हात लावून पाहिला. गारढोण! कलम एक, बरोबरची खूण. मग गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, तेल ठिबकतं का बघायला. काचेवरचा, दरवाज्यातला आणि आरसी बुकातला चासी नंबर ताडून पाहिला. टायरवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात जन्मले ते लिहिलं. आमच्या कारखान्यातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं, ते पत्र्यावर जागोजाग लावलं. (ठोकलेल्या गाडीवर रंग जाड असतो.) सर्व्हिसची कागदपत्रं, विमा, दुसरी किल्ली.

"कलम चौदा. गाडीवर बोजा आहे का?" मी विचारलं.

बँकेच्या कर्जाची नोंद, असा त्याचा अर्थ. अभिजित उत्तर देणार तेवढ्यात आबाच म्हणाले, "खुळ्यावानी काय इचारतीस गं? दोन शिटाच्या गाडीवर बोजा कुठं ठिवनार?"

तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. मी खूण केली आणि पुढे गेले!

मग अभिजितनं मागचं झाकण उघडलं आणि आबा थबकले. "इंजिन मागं?"

"हो आबा. स्पोर्ट्स कारला बऱ्याचदा मागंच असतं."

"मंजी वझं मागंच हाय की!"

"आबा, इंजिन म्हणजे ओझं नाही," दिलीप म्हणाला.

"तू कधी वढलंयस का?" आबांनी विचारलं.  मग आबा त्या इंजिनासमोर वाकले ते वाकलेच. नव्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी झाकणाच्या कडेवरून हात फिरवला. मी त्यांना तिथेच राहू दिलं आणि अभिजितला घेऊन पुढच्या बाजूला आले.

आता कलम एकतीस. असल्या गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं. म्हणून काहींना आतून एक बटण असतं. ते दाबलं की गाडीचा पुढचा भाग चार बोटं वर उचलला जातो, गतिरोधक ओलांडायला. वेग वाढला की तो आपोआप खाली येतो. इंग्रजीत या भागाला नाकच म्हणतात, म्हणून मी यादीत लिहिलं होतं: 'नाक वर होते का?' अभिजितनं बटण दाबलं. मी टेप लावून मोजलं. झालं. खूण केली. आबा तेव्हा मागे होते. त्यांनी बटण पाहिलं नाही, नाक पाहिलं नाही आणि त्यांना ते दाखवायचं कलम माझ्या यादीत नव्हतं.

बेचाळिसावं कलम म्हणजे गाडी चालवून पाहणं. आबा चालवणार हे ठरलेलंच होतं. शेजारी कोण, यावरून दोन मिनिटं वाद झाला.

"मी बसतो," दिलीप म्हणाला.

"फाइल कोण भरणार?" मी म्हणाले.

दिलीप आणि अभिजित मोटारसायकलवरून मागे आले. (एवढी महागडी गाडी घ्यायला आलेला माणूस मोटारसायकलच्या मागच्या सीटवर! त्यानं अजून मला माफ केलेलं नाही.)

आबांना आत बसवायला तिघं लागलो. आधी एक पाय, मग टोपी, मग आबा. पण स्टिअरिंगवर हात पडला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांतली तीस तरी गळून पडली. बागेतून डांबरी रस्त्यावर गाडी अशी काढली की अभिजितच्या तोंडून "वा!" आलं. समोर हायवेपर्यंत चार किलोमीटर सरळ रस्ता.

"पळवू?" आबांनी लहान मुलासारखं विचारलं.

"थोडं पुढे जाऊ दे आबा. वस्ती संपली की."

वस्ती संपायच्या आत तो आला. रस्त्याखालून पाण्याचा पाइप न्यायला कुणीतरी रस्ता खणला होता आणि वर सिमेंटचा असा उंचवटा केला होता की त्याला गतिरोधक म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. मी फाइलमधून मान वर केली आणि ओरडले, "आबा, नाक! नाक वर करा!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग अतिशय आज्ञाधारकपणे पाठ ताठ केली, छाती काढली, हनुवटी उचलली आणि आपलं नाक वर केलं. इतकं वर, की टोपी छपराला टेकली.

"अजून आबा! नाक!"

त्यांनी अजून वर केलं.

कर्रर्र.

पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मध्ये गाडी पोटावर. आबांनी इंजिन बंद केलं. त्यांचं नाक अजून वरच होतं.

मागून गाण्यांच्या दणदणाटात उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. पुढे जायला जागा नाही. गाणं बंद झालं. ड्रायव्हर उतरला, वाकून आत बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आबा? तुमी? हितं?"

तो संभा होता. आबांच्या हाताखाली ट्रॅक्टर शिकलेला, आता स्वतःच आजोबा झालेला. दुसऱ्या कुणाही माणसानं आम्हाला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर चाललं असतं.

"आबा, ही गाडी हाय का घोरपड?" संभा हसला.

आबा हसले नाहीत. त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. खाली बघत, मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "डाक्टर बरोबर म्हनत हुता म्हनायचं. आता बास." मग माझ्याकडे वळून, "पर सुनबाई, उंचवटा मला दिसला हुता. शपथ."

"मग थांबला का नाहीत आबा?"

"तूच म्हनलीस, नाक वर कर. मला वाटलं, चार लोकं बघत्यात, ऐटीत बसाया सांगतीस."

माझ्या हातातून पेन पडलं. चाळीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही ट्रॉली अडकवली नाही, त्याला त्याच्याच शिष्यासमोर मी अडकवलं होतं, आणि तेही सुवाच्य अक्षरात! मी दार उघडून कशीबशी बाहेर आले आणि शाळेत कबुली देतात तशी उभी राहिले. "संभाभाऊ, आबांची चूक नाही. गाडीचं नाक वर करायचं बटण असतं. ते मी आबांना दाखवलंच नाही. चूक माझी आहे. पूर्ण माझी."

"गाडीला नाक?" संभानं विचारलं.

"व्हय," आबा आतून म्हणाले. "आन् मी आपलं माझंच वर करतुया!"

आधी संभा हसला, मग ट्रॅक्टरमागे अडकलेल्या मोटारसायकलवरून उतरून धापा टाकत आलेला दिलीप, आणि शेवटी आबा. आबा असे हसले की गाडी उंचवट्यावर हलली. तेवढ्यात मोटारसायकल लावून अभिजित धावत आला, "आबा, हलू नका! वढू नका! कुनी हात लावू नका!" पांढराफटक पडला होता पोरगा.

पण आबांनी आता सूत्रं हातात घेतली होती. "गप रं लेका. संभा, चिखलात ट्रॉली रुतल्यावर काय करतोस?"

"ऊस टाकतो आबा."

"मग टाक की."

संभानं ट्रॉलीवरून सहा मोळ्या ओढल्या, सोडल्या आणि आबांच्या हुकमाप्रमाणे ऊस पसरला. "पुढच्या चाकाम्होरं जाड. मागच्या चाकाला पातळ. आडवा टाक, उभा नगं!" मी आबांना बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं. गाडीनं पुढून हळूच चार बोटं डोकं उचललं, आणि आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याच रकान्यात लिहू शकले नाही.

"आयला," ते म्हणाले. "शानी हाय!"

कडाकड ऊस मोडत, चाकांतून रस गाळत, इटलीची गाडी उंचवटा उतरली. संभानं हॉर्न वाजवला. मी पुन्हा आत बसले. वस्ती संपली.

"पळवू?"

"पळवा आबा."

पाठ सीटला चिकटली. बाभळी, विजेचे खांब, मैलाचा दगड, काहीच नीट दिसेना. फार तर अर्धं मिनिट असेल. मग आबांनी पाय काढला, गाडी बाजूला घेतली आणि थांबले. डोळे पुसले.

"काय झालं आबा? दिसत नाहीये का?"

"न्हाय गं. समदं दिसतंय. मागं काय वढच न्हाय, त्यामुळं सारखं वाटतंय, ट्रॉली कुठंतरी सुटून ऱ्हायली." मग हसले. "झालं बग. पळवली."

दिलीप मागून आला. काचेपाशी वाकून म्हणाला, "आबा, घेऊ या का?"

"गाडी लय गुनाची हाय," आबा म्हणाले. "म्हनूनच सांगतो, हिला आपल्या रस्त्याला आनू नगंस. रोज पोट खरचटून घ्यायचं का तिनं?" दिलीपचा चेहरा पडला, पण तो वाद घालायला लागला नाही. येताना मी मोजले: घरापासून बागेपर्यंत एकोणीस गतिरोधक. अभिजितची गाडी आम्ही खालून स्वच्छ करून दिली. पोट थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. मुंगळे मात्र आठवडाभर येत होते, असं त्यानं कळवलं.

पण ते नंतर. तिथे बाभळीखाली आबा दार उघडून मला म्हणाले, "मी बसतो शेजारी. आता परत तू न्हे."

मी फाइल छातीशी धरली. "आबा, मला गाडी येत नाही."

"मंजी?"

"म्हणजे चालवता येत नाही. कुठलीच."

आबांनी माझ्याकडे बघितलं. फाइलकडे बघितलं. दिलीप आकाशाकडे बघत होता. "बेचाळीस कलमं लिवलीस," आबा सावकाश म्हणाले, "आन् क्लच म्हाईत न्हाय?"

"क्लच माहीत आहे. कलम एकोणीस."

लायसन्सची मुदत संपली त्या दिवशी आबांनी ते स्वतःहून कपाटात ठेवून दिलं. मला वाटलं होतं, दोन दिवस जेवणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. तेव्हापासून दर रविवारी आमच्या पडीक रानात माझा वर्ग भरतो. मागे रिकामी ट्रॉली असते. ती सोडायला आबा तयार नाहीत. यादी करायला मला बंदी आहे.

सुरू करणं जमलं. गिअर जमले. वळण जमलं. ट्रॉली सरळ मागे नेणं एवढंच राहिलं आहे. ती उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं असतं, हे मला तोंडपाठ आहे. आबा म्हणतात, पुढच्या रविवारी जमेल. सासूबाईंनी त्या दिवशी म्हशी शेजारच्यांच्या गोठ्यात बांधायचं ठरवलं आहे, कारण आमच्या गोठ्याला आता तीनच भिंती आहेत.