मुरुमच्या सडकेवरचा सडा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मी मनातल्या मनात स्वतःच्याच थोबाडीत मारून घेते. गुन्हेगारानं पुरावा पुसल्याचं तुम्ही ऐकलं असेल. पोलिसानं पुरावा शेणानं सारवल्याचं ऐकलंय? तो मी सारवला.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. मी धाराशिवच्या मुख्यालयात शिपाई. पोलिसात बायका तेव्हा शोधून सापडायच्या नाहीत. बाजारात मला बघायला लोक जमायचे आणि मी समजायची, सगळे मला टरकून आहेत! मुरुमच्या बाजाराच्या बंदोबस्ताला मला धाडलं होतं. सकाळी लोहाऱ्याच्या सडकेवर मालमोटार आणि बैलगाडीची टक्कर झाल्याची वर्दी आली. मेली ती बाई होती, म्हणून फौजदारांनी जमादारांबरोबर मलाही घेतलं.

गाडी सडकेच्या मधोमध आडवी पडलेली, पुढची जुवाडी, बैलांच्या मानेवरचं जू, पार भलत्या बाजूला. मालमोटार मात्र आपल्या डाव्या बाजूला शहाण्यासारखी उभी. चालक म्हणाला, "गाडी एकदम माझ्या अंगावर आली, साहेब. गाडीवान झोपला असंल."

गाडीवान तिशीतला शेतकरी. मेलेल्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तो एवढंच म्हणत होता, "म्या माझ्या बाजूनं हुतो. मोटार आली हिकडं."

बैल वाट चालतात आणि गाडीवान डुलक्या घेतात, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

प्रेत दवाखान्यात न्यायचं, पंच आणायचे, म्हणून सगळे गेले. जाताना जमादार मला बजावून गेले, "बाई, फुफाट्यातल्या चाकांच्या खुणांवर कुणाचा पाय पडता कामा नये."

सडक कच्ची, घोट्याएवढा फुफाटा. खुणा छापल्यासारख्या उमटल्या होत्या. मी काठी घेऊन उभी. समोर सडकेला लागून एक झोपडी होती. तिथली बाई बादली घेऊन बाहेर आली. म्हणाली, "बाई, परक्या लेकीचं रगत असं उघडं ठिवू न्हाय. कुत्री चाटत्याल."

बादलीत कालवलेलं शेण होतं. माझी आई रोज उजाडता अंगणात सडा घालायची. रक्त सांडलेल्या जागी शेणपाणी टाकायचं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आणि जमादारांनी पायाचं सांगितलं होतं, शेणाचं कुठं काय सांगितलं होतं? मी पदर खोचला आणि सडा घातला. हात आखडता घेतला नाही. तिनं दुसरी बादली आणली, तीही घातली. कडेला फडक्यात बांधलेल्या भाकरी पडल्या होत्या. मेलेल्या बाईच्या असतील म्हणून मी उचलल्या, तर ती म्हणाली, "माझ्या हायत, गडबडीत पडल्या." मी झटकून तिच्या हातात दिल्या. वर म्हणाले, "सांभाळून ठेवा."

फौजदार पंचांना घेऊन आले आणि बघतच राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही पोलिसात भरती झालात की सारवायला? आता रांगोळीही काढा!"

खुणा गेल्या. गाडीचं तोंड भलत्या बाजूला, मोटार आपल्या बाजूला, झोपडीवाली म्हणते मी काही बघितलं नाही. हयगयीनं बायकोच्या मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा गाडीवानावर दाखल झाला. तो कोठडीत गेला.

पुढच्या बाजाराला एका कासारणीपाशी मी उभी होते. ती गावोगाव हिंडून बांगड्या भरायची. बोलता बोलता म्हणाली, "त्या झोपडीवालीचा भाऊ सुटला म्हणायचा."

"कोण भाऊ?"

"अगं बया! पोलीस तुम्ही आन् मला इचारता? मोटारवाला तिचा सख्खा भाऊ. रोज लांबनं भोंगा वाजवतो. ती फडकं घिऊन उभी. मोटार न थांबवता वरच्यावर भाकर उचलतो. लई गंमत वाटती बघाया."

मी डोळ्यांपुढं सडक आणली. चालक बसतो उजवीकडं. झोपडीही त्याच्या उजवीकडं. चालत्या मोटारीतून भाकर घ्यायची तर मोटार पार उजव्या कडेला न्यायला हवी, समोरच्या गाडीच्या वाटेत. आणि ते फडकं मी माझ्या हातानं झटकून परत दिलं होतं.

मी फौजदारांना सगळं सांगितलं, भाकरींसकट. या खेपेला ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी मला आणि जमादारांना झोपडीकडं धाडलं.

मी तिला कलमं ऐकवली, पाठ केलेली, एका दमात. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "म्या काय बी बघितलं न्हाय."

शेवटी जमादार हळूच म्हणाले, "माय, तो गाडीवान रोज एकच विचारतो. बायकोच्या तेराव्याला तरी घरी सोडाल का म्हणून."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकर करपली.

"भावानं हात भाईर काढला हुता," ती म्हणाली. "म्या वरडले, गाडी हाय, गाडी हाय. बैलं बुजली, पल्याड वळली, आन् मोटार गाडीच्या कडंच्या अंगावर बसली. मग त्यानं मोटार आपल्या बाजूला निऊन लावली."

"आणि सडा? मुद्दाम?" मी विचारलं.

"बादली म्या दिली. टाकलं तुम्ही, बाई."



जमादारांनी झोपडीपुढची सडकेची कड दाखवली. गाडीच्या लोखंडी धावेचा चर अरुंद असतो. इथं सड्यानंही न बुजलेला टायरचा रुंद चर होता, झोपडीच्या पुढ्यापुरताच, रोज एकाच जागी चाक गेल्याशिवाय पडत नाही असा. त्याचा पंचनामा झाला, तिचा जबाब झाला. बहिणीचा जबाब वाचून दाखवल्यावर चालक खाली बसला. म्हणाला, "साहेब, दोन वर्षं घेतोय भाकर. कधी काय झालं न्हाय." पुढं त्याला शिक्षा झाली. कोर्टात माझ्या सड्याचीही उलटतपासणी झाली आणि मी ती मान खाली घालून दिली.

नोकरीत पुढं पुष्कळ अपघात पाहिले. दारूचे थोडे, दुष्टाव्याचे त्याहून थोडे. बाकी सगळे या 'कधी काय झालं न्हाय'चे. माणूस रोज थोडा नियम मोडतो, रोज सुखरूप घरी जातो, आणि त्यालाच परवाना समजतो.

गाडीवान तेराव्याच्या आदल्या दिवशी सुटला. मी त्याला ठाण्याच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्यामुळं तुम्हाला कोठडी बघावी लागली, असं कसंबसं म्हणाले. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. पटका बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "बाई, मोटारी मधनं जात्यात, धक्का लागंल म्हणून म्याच तिला उठवून कडंच्या अंगाला बसवलं हुतं. तेवढं कागदावर घिऊ नका."