रघू नाखव्याने सांगितलेला वारा

चौलच्या पुढच्या त्या गावात वाऱ्याबद्दल शंका आली की लोक मोबाइल उघडत नसत, रघू नाखव्याच्या अंगणात येत. लग्नाचा मांडव घालायचा असो की सुकट वाळत टाकायची असो, रघू नाक वर करून क्षणभर थांबायचा आणि निकाल द्यायचा. चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही.

म्हणून कल्पिताही त्याच्याकडेच आली. बँकेतल्या बदलीमुळे ती नुकतीच अलिबागला राहायला आली होती. पायाखाली फळी आणि कमरेला भलामोठा पतंग बांधून पाण्यावरून धावायचं वेड तिला दक्षिणेतल्या एका खाडीत लागलं होतं. तिथे पाणी कमरेएवढं, आणि शिकवणारा बोट घेऊन मागे हजर. इथे सगळंच नवं. सुरक्षित किनारा शोधत ती तीन रविवार फिरली. एक किनारा पर्यटकांच्या बोटींनी भरलेला, दुसऱ्यावर भरतीत खडक बुडून जातात, आणि हरिहरेश्वरला लाटा कातळावर आपटताना पाहून तिने गाडीवरून फळीसुद्धा उतरवली नाही.

रघूने तिला आपल्या गावचा किनारा दाखवला. साफ रेती, खडकाचं नाव नाही. जाळ्यांचे खुंट कुठे पुरलेत तेही त्याने दाखवून दिलं.

"आणि वारा, काका?"

"सकाळी सातला ये. मतलई असतो. समुद्र कसा गप."

"पण तो जमिनीकडून समुद्रात जातो ना? चालेल?"

रघू खो खो हसला. "अगं पोरी, माझा बा त्याच वाऱ्यावर बाहेर जायचा. तू बिनघोर ये."

कल्पिताच्या मनात पाल चुकचुकली. पण त्याच्या चाळीस वर्षांपुढे आपली दोन वर्षं काढायची तिला लाज वाटली.

रविवारी सव्वासातला पतंग वर चढला. लाल, छपराएवढा. रघू छाती काढून किनाऱ्यावर उभा होता, जणू पतंग त्यानेच शिवलाय. पोरगी सरळ पाण्यात घुसली आणि सुसाट निघाली. चार माणसं जमली, कुणी टाळ्या वाजवल्या.

मैना, त्याची बायको, सुकट पसरता पसरता थांबली. "अवो, ती मागं कवा वळनार?"

"वळंल की. दुपारी खारा वारा सुटला, का..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. बाप मतलईवर बाहेर जायचा आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचा. मधले पाच तास तो होडीत बसून मासे धरायचा. या पोरीजवळ बसायला होडी कुठे होती? समुद्र गप होता हे खरं, पण वारा तिला घेऊन चालला होता. तिने विचारलंही होतं, आणि तो हसला होता.

लांबवर पतंग दोनदा हेलकावला आणि पाण्यात पडला.

ओहोटी लागलेली. रघूची होडी खाडीच्या तोंडाशी चिखलात टेकून बसली होती. रघू, मैना आणि शेजारचा धनेश मांडीभर चिखलात उतरून ती ढकलू लागले. होडी हलेना. रघू स्वतःला ज्या शिव्या देत होता त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. शेवटी तळ सुटला, तिसऱ्या झटक्याला इंजिन धरलं, आणि तो एकटाच निघाला.

बाहेर येऊन पाहतो तर नुसतं पाणी. लाल कुठेच नाही. मग त्याने इंजिन बंद केलं आणि होडी त्याच मतलईवर सोडून दिली. जिकडे होडी जाईल तिकडेच पोरगी गेली असणार. वाऱ्याचं एवढं तरी आपल्याला कळतं, असं तो मनाशी घोकत राहिला. बराच वेळ गेला. मग डाव्या अंगाला पाण्यावर लाल कापड दिसलं.

पतंगाच्या दोऱ्या इंजिनाच्या पंख्यात अडकू नयेत म्हणून शेवटचा टप्पा त्याने वल्ह्यांनी कापला. कल्पिता फळीला मिठी मारून होती. ओठ निळे पडलेले, डोळे उघडे. त्याने तिला काखेत धरून आत ओढलं.

"काका, वारा उलटा होता," ती कुडकुडत म्हणाली.

"व्हय. तू बरोबर व्हतीस. मी चुकलो."

हे शब्द रघू जन्मात पहिल्यांदा बोलला. बोलताना त्याला रडू आलं, आणि तेही त्याने लपवलं नाही.

ती पुन्हा फिरकणार नाही असं सगळं गाव म्हणत होतं. पुढच्या रविवारी ती आली, दुपारी तीनला. खारा वारा सुटला होता.

"काका, आज जाऊ?"

उत्तर रघूच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. "मला होडीचा वारा कळतो. पतंगाचा तू सांग."

तिने रेतीत बोटाने रेघ ओढली: ही जमीन, हे पाणी, वारा असा तिरका आला की मला परत येता येतं. साठीचा रघू उकिडवा बसून ऐकत होता. मध्येच त्याने दोनदा विचारलं. समजलं तेव्हा मान हलवली.

"मग जा," तो म्हणाला आणि उठला.

लाल पतंग वर चढला तेव्हा रघू किनाऱ्यावर नव्हता. तो होडीत बसला होता, खोल पाण्यात, इंजिन चालू ठेवून.