उपाशी कोणी राहायचं?

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हर्नियाचं ऑपरेशन एक दिवस लांबलं, ते माझ्यामुळे.

मी डाएटवर होतो. नववा दिवस. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर मला सूचना सांगत होते, तेव्हा त्यांच्या मागच्या खिडकीतून भज्यांचा गाडा दिसत होता. कढईत किती भजी होती ते मी आजही सांगेन. (सतरा.) सूचना मात्र एकही आठवत नाही.

सकाळी बायको तिच्या शाळेला निघताना म्हणाली, "मी परस्पर दवाखान्यात येते. आणि लक्षात आहे ना, काही खायचं नाही."

मला वाटलं, मलाच म्हणतेय. जरा दुखावूनच म्हणालो, "नाही खाणार."

तिने डब्यासाठी केलेली धपाटी उरली होती. आपल्याला निदान वास तरी मिळेल, म्हणून मी ती अण्णांसाठी तव्यावर गरम केली.

"मला चालतंय का रे आज?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हाला काय झालंय? डाएट माझं आहे."

अण्णांनी तीन धपाटी खाल्ली. शेंगाचटणी दोनदा घेतली. मी समोर बसून प्रत्येक घास मोजला.

दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर झोपवलं. सिस्टरने विचारलं, "शेवटचं खाणं कधी?"

"काल सहाला. दोन काकड्या, वाटीभर मूग."

तिने लिहून घेतलं. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "आजोबा, पोट रिकामं आहे ना?"

"रिकामं कसं? धपाटी खाऊन आलोय की."

बाईंनी कागद पाहिला. "मग काकड्या?"

"त्या मी," मी म्हणालो.

"भूल दिल्यावर उलटी होऊन फुप्फुसात गेली असती म्हणजे? कळतंय का तुम्हाला काही?"

मी भिंतीला टेकलो. नऊ दिवसांत पहिल्यांदाच भूक मेली. अण्णा स्ट्रेचरवरून उतरले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. धपाटी झकास होती."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधी त्याच बाई आल्या. अण्णांचं पोट रिकामं आहे ना, हे त्यांनी माझ्या बायकोला तीनदा विचारलं. मग माझ्याकडे वळल्या, तोच अण्णा म्हणाले, "त्याला काही विचारू नका, बाई. तो उपाशी आहे."