मागच्या दाराचा भोंगा

आमच्या भावाने गावभर सांगून ठेवलंय की मायला यंत्राने दगा दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून सांगतो. लोकही माना हलवतात, कारण यंत्राला काय, नाव ठेवलं तरी ते उलट बोलत नाही. मी मात्र बोलणार.

आमचं माहेर मिरचीवाल्यांचं. आबा होते तेव्हा घराच्या पुढच्या अंगाला गोदाम होतं आणि चोरीच्या भीतीने त्यांनी चोरघंटा बसवून घेतली होती. बैठकीच्या भिंतीवर लोखंडी पेटी, तिथून गोदामाच्या शटरला आणि खिडक्यांना वायरी गेलेल्या. आबा गेले, मिरचीचा धंदा गेला, पेटी राहिली.

मग माय विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग आमची नावं, आणि शेवटी स्वतःचं वयसुद्धा. कोरीटचं माहेर तेवढं विसरली नाही. मामा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती पदर सावरून, भाऊ न्यायला येईल म्हणून वाट बघत विचारायची, "मन्हा भाऊ उना का लेवाले?" आणि मागच्या दाराने कोरीटच्या रस्त्याला लागायची. दोनदा गावच्या लोकांनी आणून सोडली. उन्हाळा तोंडावर होता. आमच्याकडच्या उन्हात धडधाकट माणूस भोवळ येऊन पडतो, तिथे तिचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी म्हटलं, मागच्या दाराला त्याच पेटीची वायर ओढू. दार उघडलं की भोंगा वाजेल, कुणीतरी धावेल. भावाच्या कपाळाला आठ्या. भिंतींना नुकतीच पुट्टी मारली होती ना! मायपेक्षा पुट्टीची काळजी. म्हणाला, "एक खिळासुद्धा ठोकू देणार नाही."

नंदुरबारहून कारागीर आणला तो मीच. त्याने घर पाहिलं, भावाचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, भित नका फोडू. बिनवायरनं बसाडी देस मी." मागच्या दाराच्या चौकटीवर त्याने पांढरी डबी चिकटवली, दाराच्या फळीवर लोहचुंबक. पेटीशेजारी एक छोटं यंत्र लावलं, डबीचा निरोप झेलायला. त्या यंत्रातून दोन बारीक वायरी काढून जुन्या पेटीतल्या दोन मोकळ्या स्क्रूंना कसल्या. मी स्टुलाजवळ उभी राहून सगळं विचारून घेतलं, कारण या घरात विचारून घेणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने सोपं करून सांगितलं. जुन्या पेटीला हवेतलं काही कळत नाही, तिला फक्त वायर कळते. दोन स्क्रूंमधला मार्ग जोडलेला असेल तर ती समजते दार बंद आहे. दार उघडलं की हे छोटं यंत्र तो मार्ग तोडतं आणि पेटी बोंब मारते.

वहिनीला मागचं दार उघडायला सांगितलं. भोंगा असा वाजला की ओट्यावरची मांजर पळाली. मायने कानांवर हात ठेवले आणि हसली. घरातल्यांनी मागे जायचं तर आधी पेटीवरचे आकडे दाबून भोंगा बंद करायचा, एवढाच काय तो त्रास. मी निर्धास्त होऊन कळसाडीला, माझ्या घरी परतले.

आखाजी आली. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. पितरांच्या घागरी भरून झाल्या की घरामागच्या कडुलिंबाला झोके बांधतात, माहेरवाशिणी गाणी म्हणतात, आणि त्या दिवशी लेकीला कुणी अडवत नाही, टोकत नाही. पुरुष पत्ते कुटतात. एरवी पत्त्याला हात न लावणारेही आखाजीला फड मांडून बसतात. आमच्या बैठकीत फड बसला होता, बरोबर पेटीखाली.

मी दुपारी पोचले. बसला गर्दी होती म्हणून उशीर झाला होता. आल्या आल्या विचारलं, माय कुठंय? चुलत बहिणींना वाटत होतं ती वहिनीजवळ आहे, वहिनीला वाटत होतं ती झोक्याजवळ आहे. वहिनी पुरणाच्या हातानेच बाहेर आली. "घरमाच व्हई. भोंगा कोठे वाजना?"

खरंच होतं ते, भोंगा वाजलाच नव्हता. झोक्यावरच्या लेकींसाठी बैठकीतून कुणीतरी आकडे दाबतंय, माय एकटी निघाली तर वाजेलच, अशी सगळ्यांची समजूत. पेटीवर हिरवा दिवा शांत जळत होता. मागचं दार बंद, असं तो सांगत होता. म्हणून आम्ही घरात शोधलं. माळा, गोदाम, न्हाणीघर, कोठीमागची फट, पलंगाखाली सुद्धा वाकून पाहिलं. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आम्ही सगळ्या बाया घरातच हाका मारत फिरत होतो. भाऊ पानं खाली ठेवून उठला, आमच्या मागे फिरला आणि अवाक्षर बोलला नाही.

माय कोरीटच्या फाट्यावर सापडली. तिथल्या चहाच्या टपरीला टेकून बसलेली. सणामुळे टपरी बंद होती, रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. नवं लुगडं नेसली होती आणि पिशवीत सणाची एक गोड सांजोरी होती, भावाला द्यायला घेतलेली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला सोयरेधायरे बैठकीत बसले होते. कुणीतरी विषय काढला, तसा भाऊ उसासा टाकून म्हणाला, "काय करता, बिनवायरनं काही खरं नही."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी स्टूल ओढलं आणि सगळ्यांसमोर पेटीचं झाकण उघडलं. आत मागच्या दाराच्या दोन स्क्रूंमध्ये लाल वायरीचा बोटभर तुकडा पिळून बसवलेला होता. दार उघडो नाहीतर मोडून पडो, पेटीला ते जन्मभर बंदच दिसलं असतं. डबी बिचारी निरोप पाठवत होती, छोटं यंत्र तो झेलत होतं. पुढे पेटीत मात्र काही पोचत नव्हतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"लेकी दर घडीला आत-बाहेर करत होत्या," भाऊ म्हणाला. "भोंगा सारखा कोकलत होता. सणासुदीला लेकींना काय टोकायचं?"

लेकींचं नाव पुढे करतोय, पत्त्याचं नाही. मी तो तुकडा उपटून काढला आणि वहिनीला म्हटलं, मागचं दार उघड. ती जागची हलेना. मग मीच गेले आणि दार सताड उघडलं.

भोंगा वाजला. भाऊ ओरडून म्हणाला, "बंद कर." म्हातारी आत्या कानांवर हात ठेवून म्हणाली, "बंद कर व माय ते." मी दारातच उभी राहिले. वाजू दिला.

थोड्या वेळाने अंगणात धापा टाकत एक माणूस आला. काय झालं, चोर शिरला का, विचारायला लागला. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही कुठून आलात?

"फाट्यावरून," तो म्हणाला. "माझी टपरी आहे तिथं. पार तिथपर्यंत ऐकू येतंय."